त्याले इचारा

दादाबद्दल काही विचारायचं असलं की लोक मलाच का विचारायचे? मला अजून कोणी सांगितलं नाही. त्याचे गुडघे जन्मापासून दुमडलेले होते, पण जीभ माझ्यापेक्षा तिखट. एकदा कामरगावच्या जीपवाल्यानं मला विचारलं, "याले कुठी उतरवू?"

मागून दादा ओरडला, "मले इचार ना बे! पाय वाकडे हायेत, तोंड शाबूत हाय."

सारी जीप हसली. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगायचो, "त्याले इचारा."

परवा दादा तापानं गेला. तिरडीवर ठेवताना मामा हळूच म्हणाले, "बाबू, पाय दाबून सरळ करायचे काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याले इचारा."

मामांनी हात मागे घेतला. मी घरातून उशी आणली आणि त्याच्या गुडघ्यांखाली सरकवली.