कोळंबीच्या टरफलांची पूड

जनी : घे पोरी, दोन पिशव्या. बाजारात आज कोलंबी सोलली, समदी टरफलां हायेत यात.

अनुया : जनीमावशी, आता नको आणूस.

जनी : का गो? वास येतो म्हनून आजी वरडली तुजी?

शोभा : मी? माझ्या सासूबाई असत्या तर पिशवीसकट मलाच बाहेर काढलं असतं. मी तर हिला अख्खी बाल्कनी दिली. तुळस जिन्यात नेऊन ठेवली!

जनी : मंग?

अनुया : काम झालं माझं.

जनी : म्हंजे पानी साफ झाला?

शोभा : झालं की. मागेच तिनं दाखवलं मला. कंपनीचं रंगाचं पाणी, कुंकू कालवल्यासारखं लालभडक. त्यात टरफलांची पूड घालून ढवळलं, तर सगळा रंग तळाशी. मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा गाढी नदीचं पाणी असंच नितळ होतं. आत उभं राहिलं की जोडवी दिसायची.

जनी : मंग माजा पोरगा भरत परत खाडीत जालां टाकील! कंपनी कदी टाकनार ही पूड?

अनुया : टाकतात. तपासणीपुरती.

जनी : म्हंजे?

अनुया : साहेब येणार म्हटलं की एकच टाकी पुडीनं स्वच्छ करतात. नमुन्याची बाटली तिथून भरतात. बाकी पाणी तसंच खाडीला जातं.

शोभा : आणि तू गप्प बसलीस? सरळ वर कळव. कोण भरतं बाटली? नाव दे त्याचं.

अनुया : नको आजी.

शोभा : का नको?

अनुया : बाबा भरतात. सही त्यांचीच असते.

शोभा : माझा कमलाकर? शाळेतून खडूचा तुकडा खिशात आला होता, तर रात्रभर झोपला नव्हता तो.

अनुया : आताही झोपत नाहीत. उद्या तपासणी आहे. पूड नाही दिली तर पहिले तेच अडकतील. आणि दिली तर…

जनी : तर माज्या टरफलांनी माजीच खाडी झाकायची.

(खालून स्कूटरचा हॉर्न.)

अनुया : बाबा आले, पूड न्यायला.

शोभा : वर ये म्हणावं. जेवायची वेळ आहे.

अनुया : नाही येणार. तू विचारशील म्हणून.

शोभा : पुडीचा डबा कुठे आहे?

अनुया : माझ्या हातातच आहे, आजी. माझ्यानं खाली नेववत नाही.

जनी : आन इकडं. मी खालीच चाल्लंय.

शोभा : जने… वाटेत ओतून दिलास तरी मी काही म्हणणार नाही.

जनी : आन मंग कमलाकरभाऊ?

(खालून पुन्हा हॉर्न.)

जनी : झाकन घट बसव गो पोरी. जिन्यात सांडंल.