काकाजींचे दोन्ही हात

आमच्या यांचे काका, म्हणजे काकाजी, गेल्या साली वारले. तेरवीला जो तो त्यांचंच सांगत होता. कोणी म्हणे धारणीच्या घाटात जीप चालवायचे, कोणी म्हणे साप पकडायचे, कोणी म्हणे बँडमध्ये होते. जत्रेत मौत का कुआँ लागतो ना, त्यात तर दोन्ही हात सोडून फटफटी फिरवायचे. माझ्याजवळ त्यांची एकच गोष्ट आहे.

तेव्हा आम्ही अकोल्याला जुन्या शहरात राहत होतो. आमची लेक परी दीड महिन्याची होती. एका सकाळी बऱ्याच दिवसांनी नळ आले आणि घरात काकाजींशिवाय कोणी नाही. पाणी भरलं नाही तर परीची दुपटी धुवायचेही वांधे. आणि पोरगी खाली ठेवली की रडून काळीनिळी व्हायची. असल्या धाडशी माणसाच्या हाती तिला द्यायला माझं मन होईना.

"काकाजी, घेता काय हिले? पण वर उडवू नका बरं."

"आण इकडं. वाघासमोर उभा राह्यलो मी!"

प्रत्येक बादलीमागं मी आत डोकावून पाहत होते. शेवटची कळशी भरून आले, तर पोरगी गाढ झोपलेली आणि काकाजींचा सदरा घामानं ओलाचिंब.

"काय झालं, काकाजी?"

"आधी हिले घे. कवाची माशी बसून राह्यली माह्या नाकावर. त्या कुआँत दोन्ही हात सोडत होतो, सूनबाई. इथं एक बी सोडवला नाही."