किसनचा डावा पाय

ऑटोमॅटिक गाडीचं कौतुक मला सांगू नका. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाच आमच्या वकील वडिलांनी अमरावतीत तशी अमेरिकन गाडी आणली होती. गिअर आपोआप बदलायचे, क्लच नव्हताच. पण पहिल्यांदा अकोल्याला जाताना आमच्या जुन्या ड्रायव्हरचा, किसनचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. वडिलांची टोपी तीनदा पुढच्या सीटवर! कोर्टापाशी किसननं चावी पुढे केली.

"साहेब, गिअर गाडीच बदलते. आता मी कायले पाहिजे?"

"लेका, जुन्या गाडीत क्लच दाबताना तुहा गुडघा दुखे, मले मागून दिसे. म्हनून तं अशी गाडी घेतली!"

परतताना किसननं बैलगाडी हाकल्यासारखा डावा पाय मुडपून बुडाखाली घेतला. त्या गाडीत तो पाय पुन्हा कधी खाली टेकला नाही.