पद्माबाईच्या माठातलं पाणी

पद्माबाई : आज पट्टी नको, सिस्टर. आमचे मामा झोपलेत.

ग्यानोबा : कोण झोपलंय? सकाळधरनं जागा हाय मी इथं बाजंवर!

पद्माबाई : मामा, आतून बोलू नका. सासऱ्यानं गप पडून राहावं.

मंजुषा : पद्माबाई, पाचच मिनिटं. उद्या सकाळी आमची शिबिराची सगळी टीम पुण्याला परत जाणार. आज जखम बघितली नाही, तर मग कोण बघणार?

पद्माबाई : नेऊ आमी हिंगोलीला.

ग्यानोबा : मी जात न्हाई म्हणून सांग त्यांना. मागं एक डाक्टर म्हणला, शुगर लई हाय, अंगठा काढावा लागंल. सत्तर वर्सं माझ्यासंग चाललाय तो अंगठा. असा कसा देऊ?

मंजुषा : म्हणून तर म्हणते, बाबा. चार दिवसांत इतकी भरून आलीय जखम. आता हयगय केली तर अंगठा खरंच जाईल. पद्माबाई, माझं काही चुकलं का?

पद्माबाई : तुमचं काय चुकंल? तुमी मिशनची माणसं. सोताच्या सुट्ट्या टाकून औंढ्याच्या उन्हात आलेली.

मंजुषा : हा टोमणा आहे, एवढं कळतं मला. कुणी काही बोललं का? आम्ही लोकांचा धर्म बदलायला आलोय वगैरे?

ग्यानोबा : ते तर पहिल्याच दिशी बोलले. मी म्हणलं, आमी बुद्धाची माणसं, आमाला कोण काय बदलून राहिलं? पण पाय धुताना तुमी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या, ते ऐकलं मी. इचारलं तर म्हणे प्रार्थना. म्हणलं, पाय माझा हाय, जरा मोठ्यानं म्हणा की!

मंजुषा : मग म्हटली ना मोठ्यानं.

ग्यानोबा : बराबर. चांगली होती. सुनेला ते न्हाई लागलं, माय. दुसरंच काही लागलंय. कालधरनं भांडी आदळून राहिली.

पद्माबाई : मामा!

ग्यानोबा : बोल की तोंडानं. तुझ्या रागात माझा पाय काहून अडकवती?

पद्माबाई : बोलते मग. सिस्टर, पहिल्या दिशी तुमी उंबरा वलांडून आत आल्या, मी पाणी आणलं. काय म्हणल्या तुमी?

मंजुषा : काय म्हणाले?

पद्माबाई : “आत्ताच पिऊन आले.” दुसऱ्या दिशी चहा ठेवला. “आत्ताच घेऊन आले.” परवा लिंबाचं सरबत केलं. काल पुन्हा पाणी. एप्रिलचं ऊन, तुमचे ओठ सुकलेले, अन म्हणता काय, “आत्ताच पिऊन आले.”

मंजुषा : अहो, ते मी सहज...

पद्माबाई : सहज न्हाई म्हणत कोणी ते. मला इचारा. रस्त्याच्या त्या बाजूला शकुबाईचं घर हाय. वीस वर्सं झाली, त्यांची हळद आमीच काढतो, आमीच शिजवतो. मामाच्या पायावर उकळतं पाणी सांडलं तेबी त्यांच्याच हळदीच्या कढईतलं.

ग्यानोबा : अन मला कळलंबी न्हाई. शुगरनं पायच मुका करून ठेवलेला.

पद्माबाई : शकुबाई काही वाईट बाई न्हाई. कामाला बोलवायला येती, बाजंवर बसती, तास तास सुखदुःखाचं बोलती. पाणी आणलं की म्हणती, “आत्ताच पिऊन आले.” वीस वर्सांत एकदाबी तिला आमच्या घरी तहान लागली न्हाई.

मंजुषा : अरे देवा.

पद्माबाई : तिचं मला काही वाटत न्हाई आता. पण तुमी? मामाच्या पायाचा वास यायचा तर त्यांचं सख्खं लेकरू भायेर जाऊन बसायचं. मी सून, मीबी तोंड फिरवलं. खोटं काहून बोलू? अन तुमी ह्या मातीत बसून पाय मांडीवर घेतला. लेकराचं नाक पुसावं तसा पू पुसला. दाराआड उभी राहून रडले मी त्या दिशी. म्हणलं, अशी बी माणसं असतात. म्हणून तर लई लागलं, सिस्टर. पायाचा पू चालतो, अन घरचं पाणी चालत न्हाई?

मंजुषा : मला हे सुचलंच नाही, पद्माबाई. शपथ घेऊन सांगते. आमच्या टीमचा नियम आहे, कुणाच्याच घरी खायचं-प्यायचं नाही. एका गावात आम्ही नऊ जण चहाला बसलो आणि मागाहून कळलं, ते दूध त्या घरच्या तान्ह्या बाळाचं होतं. तेव्हापासूनचा नियम. आणि खरं सांगू? पोटाचीही भीती. पहिल्या वर्षी निम्मी टीम आडवी झाली होती.

ग्यानोबा : घ्या! पेशंट बघाया आले अन सोताच पेशंट झाले!

पद्माबाई : मग तसं सांगायचं. नियम हाय म्हणायचं. पोटाचं भ्याव हाय म्हणायचं.

मंजुषा : तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गोड खोटं बोलले.

पद्माबाई : गोड खोट्याचीच तर तकलीफ हाय आमाला. कडू बोललं तर भांडता तरी येतं.

मंजुषा : आता पाणी द्याल?

पद्माबाई : न्हाई.

मंजुषा : का हो?

पद्माबाई : आता माझी समजूत घालाया मागून राहिल्या तुमी. तसलं पाणी मी देत न्हाई. तहान लागंल तवा मागा.

ग्यानोबा : काय म्हणावं! काल ही पाजत होती तर त्या पीत न्हवत्या. आज त्या मागून राहिल्या तर ही देईना. अन दोघींच्या मधी माझा अंगठा!

मंजुषा : बरोबर आहे तुमचं. नका देऊ. पण पट्टी होऊ द्या. आणि आज मी नाही करणार, तुम्ही करायची. उद्यापासून तुम्हालाच करायचीय. साबणाने हात धुवा, हे हातमोजे घाला.

पद्माबाई : मला न्हाई व्हायचं ते. मळमळतं मला.

मंजुषा : मलाही मळमळतं.

पद्माबाई : तुमाला?

मंजुषा : पहिल्या दिवशी इथून निघाले ती शाळेच्या मागे जाऊन ओकले. बाबा, तुम्ही ऐकलीत ना, ती पुटपुट तुमच्यासाठी नव्हती. माझ्यासाठी होती. हात मागे घेऊ देऊ नकोस, एवढंच म्हणत होते.

ग्यानोबा : अन मी समजून राहिलो माझ्यासाठी! मोठ्यानं म्हणलेली तरी माझी होती का?

मंजुषा : ती तुमची. अगदी नावानिशी.

पद्माबाई : वकल्या, अन तरी दुसऱ्या दिशी आल्या?

मंजुषा : यायला तर हवंच होतं. चला, बघा इकडे. मधून कडेला पुसत यायचं. एकदा पुसलेला कापूस पुन्हा लावायचा नाही. हे गुलाबी दिसतंय ना, ते नवं मांस. त्याला जपायचं. हळद भरायची नाही.

ग्यानोबा : हळदीच्या मुलखात राहून हळद न्हाई?

मंजुषा : भाजीत घाला, बाबा.

पद्माबाई : दुखतंय का, मामा?

ग्यानोबा : न्हाई, पोरी. कर तू. तुझा हात बी हलका हाय की.

पद्माबाई : झाली बघा. बराबर हाय का?

मंजुषा : माझ्यापेक्षा नीट बांधलीत. रोज अशीच. पद्माबाई, माझी बाटली सकाळीच संपली. घसा पार सुकलाय. पाणी आहे का हो?

(पद्माबाई तांब्या आणि पेला घेऊन येते. मंजुषा एका दमात दोन पेले पिते, तिसरा पुढे करते.)

ग्यानोबा : सावकाश, माय. माठ कुठं पळून चाललाय?

पद्माबाई : बिनधास्त प्या. उकळून गाळलेलं हाय. पहिल्या दिशीपासून तुमच्यासाठी येगळा माठ भरून ठेवते रोज. शहरातल्या पोटाला आमचं पाणी सोसत न्हाई, एवढं कळतं आमाला बी.

मंजुषा : रोज ठेवत होता?

पद्माबाई : रोज. अन सांजच्याला झाडाला घालत होते.

(मंजुषा पिशवी उचलून रस्त्यावर येते, पद्माबाई दारात उभी, समोरून शकुबाई येते.)

शकुबाई : पद्मे, सिस्टरबाई निघाल्या का गं? हे काय, रस्त्यावरच गाठ पडली! बाई, माझा बीपी तेवढा बघता का? किती हे ऊन! चला माझ्या घरी, आधी पाणी प्या.

मंजुषा : येते ना, शकुबाई. पण पाणी नको. आत्ताच पिऊन आले. खरंच. पद्माबाईंच्या घरी.