बुटक्या खिडक्या

दूतावासातल्या मेजवानीनंतर कोट घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक नवी नवरी, दुसरी अशा मेजवान्यांमध्येच केस पिकलेली.

“वहिनी, कुठकुठल्या देशांची माणसं भेटली आज! असंच जन्मभर फिरत राहावं.”

“मलाही तसंच वाटायचं. घरून निघताना आईनं शिवलेले पडदे तेवढे बरोबर घेतले.”

“अजून आहेत?”

“आहेत की. पण जाऊ तिथं खिडक्या उंच. मग दर बदलीला खाली तिथल्या कापडाची पट्टी जोडत गेले.”

“अय्या, कसले सुंदर दिसत असतील!”

“झुळूक आली की सगळे देश एकदम हलतात गं.”

“आणि कायमच्या घरी गेलात की?”

“घरच्या खिडक्या बुटक्या. आईनं शिवलंय तेवढंच मावतं.”

“मग पट्ट्या?”

“ह्यांनी परवाच आणखी एक बदली मागून घेतली. मी काही नको म्हटलं नाही.”