सासूबाईंचा चहा कुणी गार केला

बसा, बसा बाबा, असं उभ्या उभ्या नका रागावू — म्हणजे रागावा, लेक माहेरी येऊन बसली की बाप जावयावर रागावणारच, पण बसून रागावा. ही पाहुण्यांची खोली. आत नाही हो नेता येत — आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, आणि तुमच्या मिशा, राग मानू नका, तुमच्या मिशा बघून आमचे साहेब चक्कर येऊन पडतील, धुळीचा एक कण चालत नाही तिथे. इथून काचेतूनच बघा. ते गोल गोल फिरतंय ना, त्याच्यावर चकत्या घासताहेत — त्याच त्या! सगळ्या भांडणाचं मूळ ते आहे, मी नव्हे. आणि तुमची लेक जाताना म्हणाली, बाबा ठरवतील ते — म्हणजे आज तुम्ही घरी जाऊन काय सांगता त्यावर माझा संसार लटकलाय, तेव्हा जरा नीट ऐका. हं, ही हातात धरा. घाबरू नका, बाद झालेली आहे, कडेला चीर गेलीय.

काच? छे हो! दिसते काचेसारखी, जराशी पिवळट. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड. तुमच्या लेकीला लग्नानंतर वर्षभर हे नाव घेता येईना, शेजारपाजारी सांगायची, 'आमचे हे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात आहेत' — लोक कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करायला माझ्याकडे यायचे! तर आम्ही काय करतो, भट्टी अशी काही तापवतो की विचारू नका, त्याची वाफ होते, ती वाफ हळूहळू पुन्हा जमते, त्याचा स्फटिक वाढतो, आणि मग त्याचे काकडीसारखे काप. बस्स. आता हिचा गुण काय? उष्णता हिच्यातून सुसाट पळते, आणि वीज? वीज ढिम्म हलत नाही! तांब्यातून दोन्ही पळतात, काचेतून दोन्हीही नाही, पण ही बया एकीला आत घेते आणि दुसरीला दारातूनच वाटेला लावते. — काय? माझ्यावर विश्वास नाही? हा बर्फ घ्या, कॅन्टीनमधून मागवून ठेवलाय खास तुमच्यासाठी. चकती चिमटीत धरा आणि बर्फावर टेका. टेका, टेका — बघा! गेली की नाही आत! लोण्यात सुरी जावी तशी! अहो तुमच्याच बोटांची ऊब ती, चकतीतून पळाली बर्फात — बोटं गार पडली ना? पडणारच. आता चहा पण असाच... थांबा, एकदम चहावर नको यायला.

उपयोग? ढीगभर. एक दिवा असतो, त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, जांभळ्याच्याही पलीकडचा — पाण्यातले जंतू मारतो. तो याच चकतीवर घडवतात. तुमच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा हिचा अगदी पातळ थर असू शकतो, हवेतल्या सगळ्या कलकलाटातून नेमकी आपली तेवढी लहर गाळून घेतो. मी एकदा जेवताना म्हणालो, असलं काहीतरी आपल्या घरातही बसवायला हवं — आईंना, म्हणजे तुमच्या मंडळींना, ते लागलं. त्यांना उद्देशून नव्हतं हो. बरं, होतं थोडंसं.

तर झालं काय, आमचं जेवणाचं टेबल नवं. आई आल्या राहायला. आईंचा चहा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, स्टीलचा पेला, आणि आत ज्वालामुखी — कपाळावर घाम आला नाही तर तो चहाच नव्हे. पेला उचलला की टेबलावर पांढरं कडं! दुसऱ्या दिवशी दुसरं कडं! तुमची लेक म्हणाली, आईला तुम्ही सांगा. मी सांगू? मी? मी आपली अक्कल लढवली. अशीच एक बाद चकती घेतली, तिच्याखाली त्या दिव्यांना लावतात तसा पातळ पंखांसारख्या पात्यांचा धातूचा ठोकळा चिकटवला — हा बघा, पिशवीत आणलाय — आणि ठेवला पेल्याखाली. टेबलाला डाग नाही, काही नाही! सगळी उष्णता चकतीतून ठोकळ्यात, ठोकळ्यातून हवेत. तीन दिवस मी स्वतःवरच खूश होतो. आणि आई एक घोट घेणार, मग शेजारणीच्या सुनेची गोष्ट सांगणार, मग दुसरा घोट — तोवर चहा बर्फ! 'जावयानं गार चहा दिला.' पुन्हा उकळला, पुन्हा गार. 'मुद्दाम करतो मेला.' शेवटी आई निघाल्या, आणि त्यांच्यामागोमाग तुमची लेकही. — आता सांगा बाबा, यात माझा काय दोष? विज्ञानाचा दोष!

मला कधी कळलं? मला... दुसऱ्या आठवड्यात. माझाच पेला चुकून तिथे ठेवला, घोट घेतला नि डोक्यात उजेड पडला. लगेच काढणारच होतो तो ठोकळा, देवाशपथ, हात घातलासुद्धा — तेवढ्यात आतून आईंचा आवाज, 'असाच चहा मिळणार असेल तर मी नाही बाई महिनाभर राहायची, रविवारीच निघते' — आणि हात आपोआप मागे...

म्हणजे तसं नाही, बाबा. म्हणजे हात मागे आला तो — तो चटका बसला म्हणून! गार असताना चटका कसा बसेल? बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं. आता तुम्ही घरी जाऊन हे सांगणार, आणि तुमची लेक काही परत यायची नाही. मी चुकलो. मला तिच्याशिवाय घर खायला उठतं हो, ती नाही तर टेबलावरचं कडं बघूनसुद्धा रडू येतं. पण आई दिवसभर बोलतात, बाबा! माझ्या खुर्चीत बसून बोलतात! तुम्ही इतकी वर्षं कसं — तुम्ही हसताय?

अहो, तो ठोकळा पिशवीत कशाला टाकताय तुमच्या? पुरावा म्हणून? पुरावा नाही? मग? तुमच्याकडे कुठलं नवं टेबल, डाग पडायला — टेबलाचा प्रश्नच नाही? थांबा, थांबा. म्हणजे आई तुमच्याकडे गार चहा पिणार. मग चिडणार. चिडल्या की पिशवी भरून निघणार, आणि निघाल्या की जाणार कुठे... जिथे हा ठोकळा आता नाही तिथे. जिथे चहा गरमागरम — बाबा!

लेक येईल? उद्याच? हो, हो, तेच तर हवंय मला, तिच्यासाठीच तर एवढा — दोघी? एकाच गाडीनं?

किती दिवस राहतील त्या?

बाबा? अहो बाबा, तिकडे कुठे, लिफ्ट डावीकडे आहे. डावीकडे.