विहिरीवरची शिट्टी

सिस्टर सिरिंजमध्ये लस भरत होत्या, पण कान बाकावरच्या मामा-भाचीकडे होते. भाची शांतिसेनेत निघाली होती. मामा तीच नोकरी करून केव्हाच परतलेले.

"मामा, वर्षभरात तिथला गाशा गुंडाळणार म्हणे. मग जायचं कशाला?"

"आमचाही गुंडाळलाच होता की."

"तुम्ही करायचात तरी काय?"

"एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन गावं, पाण्याला विहीर एकच. मधे आमची चौकी. मी शिट्टी वाजवली की एका गावाने घागरी उचलायच्या, दुसऱ्याने पुढे यायचं."

"आणि बंदूक?"

"सात महिने नुसती वाहिली."

"तुम्ही निघाल्यावर पुन्हा जुंपली असेल."

"मलाही तीच धास्ती. परवा आमच्या दुभाष्याचा फोन आला. चौकीत आता खुर्ची टाकलीय. एक दिवस या गावची म्हातारी बसते, एक दिवस त्या गावची."

"त्यांचं कोण ऐकतं?"

"शिट्टी वाजली की सगळे ऐकतात."

"शिट्टी कुठून आणली त्यांनी?"

"माझीच. राहिली तिथे."

"विसरलात?"

"साहेबांना तसंच लिहून दिलंय."

भाची खुदकन हसली आणि तिने बाही वर सरकवली.

"टोचा, सिस्टर. मामा, जाताना एक शिट्टी घ्यायचीय."

"दोन घे. एक विसरून यायला."